लाल फिल्टर आणि काळे आकाश

मे महिन्याच्या सुट्टीत आपण सहकुटुंब महाबळेश्वरला जातो. एखाद्या पॉइंटच्या कठड्याशी उभे राहिले की भान हरपते. वर निळेभोर आकाश, त्यात पिंजलेल्या कापसासारखे ढग आणि खाली एकामागून एक उतरत गेलेल्या डोंगररांगा. घरातला हौशी फोटोग्राफर पुढे सरसावतो, सगळ्यांना बाजूला सारतो आणि फोटो काढतो. घरी आल्यावर फोटो पाहावा तर आकाश पांढरेफटक, ढग गायब, आणि दूरचे डोंगर धुवून वाळत घातलेल्या कपड्यासारखे विटके. मग पाहुण्यांना अल्बम दाखवताना प्रत्येक पानाला सांगत बसावे लागते, की प्रत्यक्षात याहून फार सुंदर होते!

डोळ्यांनी पाहिले आणि मनाला भिडले ते फोटोत का उतरत नाही, हा प्रश्न कॅमेरा हातात धरणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. बहुतेक जण कॅमेऱ्याला दोष देऊन मोकळे होतात. अमेरिकेतल्या एका पंचवीस वर्षांच्या तरुणाने मात्र १९२७ सालच्या एका दुपारी, डोंगराच्या एका कड्यावर उभे राहून, या प्रश्नाचे उत्तर शोधले. त्याच्याजवळ तेव्हा दोनच प्लेटा शिल्लक होत्या, आणि उत्तर सापडले ते लेन्ससमोर बसवायच्या एका लाल फिल्टरमध्ये. त्या तरुणाचे नाव ॲन्सेल ॲडम्स. पुढे कृष्णधवल निसर्गचित्रणाचा तो जगातला सर्वांत नावाजलेला कलावंत ठरला.

वाकडे नाक आणि डबा कॅमेरा

ॲन्सेलचा जन्म २० फेब्रुवारी १९०२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाला. घराणे इमारती लाकडाच्या व्यापारातले, सुखवस्तू. तो चार वर्षांचा असताना, एप्रिल १९०६ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोचा तो प्रसिद्ध भूकंप झाला. मुख्य धक्क्यातून पोरगे सुखरूप वाचले. पण नंतरच्या एका धक्क्याने ते बागेतल्या भिंतीवर आदळले आणि नाक मोडले. ते वाकडे नाक जन्मभर तसेच राहिले. पुढच्याच वर्षी देशात आर्थिक मंदीचा तडाखा बसला, घरचा व्यापार बुडत गेला आणि वडिलांचे उरलेले आयुष्य कर्ज फेडण्यात गेले.

मुलाची वेगळीच तऱ्हा. शाळेत चित्त लागेना, एका जागी बसवेना. दुसऱ्या एखाद्या बापाने चार फटके देऊन शाळेत पाठवला असता. चार्ल्स ॲडम्स यांनी त्याला शाळेतून काढले आणि १९१५ साली शहरात भरलेल्या भव्य आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाचा वर्षभराचा पास हातात ठेवला. रोज तिथे जायचे, पाहायचे, शिकायचे! याच सुमारास बाराव्या वर्षापासून पियानोचा नाद लागला होता. ज्या मुलाला वर्गात अर्धा तास बसवत नव्हते, तो तासन्‌तास एकेक स्वर घोटत बसू लागला. मुलगा पियानोवादक होणार, हे घरात ठरूनच गेले.

१९१६ च्या उन्हाळ्यात चौदा वर्षांच्या ॲन्सेलने हट्ट धरून आईवडिलांना योसेमिटीच्या खोऱ्यात नेले. उंच कड्यांचे, धबधब्यांचे, ग्रॅनाइटच्या अजस्र सुळक्यांचे हे खोरे कॅलिफोर्नियात आहे. तिथे वडिलांनी त्याला कोडॅकचा साधा डबा कॅमेरा दिला. हाफ डोम नावाच्या प्रचंड कातळाचा फोटो घ्यायला म्हणून स्वारी एका कुजक्या बुंध्यावर चढली. बुंधा ढासळला, स्वारी डोके खाली पाय वर, आणि पडता पडता कॅमेऱ्याचा खटका दाबला गेला. फोटो धुवून आला तेव्हा हाफ डोम उलटा! ज्या पहाडाने पुढे त्याला नाव दिले, त्याच्याशी पहिली ओळख अशी झाली.

त्यानंतर जन्मभरात एकही वर्ष तो योसेमिटीला गेल्यावाचून राहिला नाही. हॅरी बेस्ट नावाच्या चित्रकाराचा तिथे स्टुडिओ होता. ॲन्सेल त्यांच्या पियानोवर रियाझ करायला जाई. पियानोबरोबर बेस्ट यांची कन्या व्हर्जिनियाही त्या घरात होती, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलेच असेल. १९२८ च्या जानेवारीत त्याच स्टुडिओत दोघांचे लग्न झाले.

धुक्यातली चित्रे

तरुण ॲन्सेल फोटोग्राफी शिकत होता त्या काळात फोटोला कला मानायला लोक तयार नव्हते. यंत्राने काढलेल्या चित्रात कलावंताचे काय, हा आक्षेप. त्यावर तेव्हाच्या फोटोग्राफरांनी एक तोड काढली होती. फोटो चित्रासारखा दिसू द्यायचा, म्हणजे प्रश्नच मिटला! त्यासाठी कडा मऊ करणाऱ्या खास लेन्सा निघाल्या. कुणी लेन्ससमोर तलम जाळीचे कापड ताणत, कुणी काचेवर तेलकट बोट फिरवत. प्रकाश त्यातून जाताना थोडा विखुरतो, उजळ भागाभोवती हलकी प्रभा पसरते, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या विरतात आणि सगळे दृश्य पहाटेच्या धुक्यातून पाहिल्यासारखे वाटते. आजचा डिफ्यूजन फिल्टर नेमके हेच काम करतो. आपल्याकडच्या लग्नाच्या जुन्या अल्बममध्ये नवरीच्या चेहऱ्याभोवती जे स्वप्नाळू वलय दिसते, ते याच युक्तीचे.

ॲडम्सनेही सुरुवातीला हाच मार्ग धरला. १९२१ च्या सुमाराचे त्याचे नदीकाठच्या पाइन वृक्षांचे चित्र मऊ लेन्सने टिपलेले आहे. उन्हात झाडे वितळत असल्यासारखी दिसतात. चित्र गोड आहे. पण उन्हाळेच्या उन्हाळे डोंगरात काढणाऱ्या या माणसाला ते हळूहळू खुपू लागले. सिएरा नेवाडाच्या उंचीवर हवा धारदार असते, मैलभरावरच्या दगडाची चीरसुद्धा स्पष्ट दिसते. त्या डोंगराला मलमलीचा पडदा कशासाठी?

दोन प्लेटा उरल्या होत्या

१० एप्रिल १९२७. व्हर्जिनिया, सेड्रिक राइट आणि आणखी दोन मित्र यांच्यासह ॲडम्स हाफ डोमच्या खांद्याशी असलेल्या एका कड्याकडे निघाला. त्या जागेला डायव्हिंग बोर्ड म्हणतात. वाटेत बर्फ होता, पाठीवर सुमारे चाळीस पौंडांचे ओझे. मोठा लाकडी कॅमेरा, तिकाटणे, फिल्टर आणि काचेच्या बारा प्लेटा. एक प्लेट म्हणजे एक फोटो. वाटेत काही वाया गेल्या, काही वापरल्या गेल्या. दुपारी कड्यावर पोचले तेव्हा हाफ डोमची उभी भिंत सावलीत होती आणि हाताशी दोनच प्लेटा उरल्या होत्या.

मंडळी थांबली. अडीचच्या सुमारास ऊन भिंतीवर उतरू लागले. ॲडम्सने नेहमीच्या सवयीने पिवळा फिल्टर लावला आणि एक प्लेट उघडली. त्या काळी निसर्गचित्रासाठी हा शिरस्ताच होता. पिवळा फिल्टर आकाश किंचित गडद करतो आणि फोटो साधारणपणे डोळ्यांना दिसते तसा येतो.

खटका मिटला आणि त्याच क्षणी त्याला कळले, की हे चित्र बरोबर येईल, पण खरे येणार नाही. समोरचा तो हजारो फुटी कातळ पाहून छातीत जे धस्स होत होते, ते पिवळ्या फिल्टरमधून प्लेटवर उतरणार नव्हते. त्याच्या मनापुढे आता वेगळेच चित्र होते. जवळजवळ काळे आकाश, त्यापुढे उजळलेली भिंत आणि धारदार, पांढरेशुभ्र बर्फ. त्याने पिवळा फिल्टर काढला, गडद लाल फिल्टर चढवला आणि शेवटची प्लेट आत सरकवली.

लाल फिल्टरने आकाश काळे का होते, हे समजायला शास्त्रज्ञ व्हायला नको. मिठाईच्या डब्यावर लावतात तो लाल जिलेटिनचा कागद डोळ्यांसमोर धरा. लाल पेनाने लिहिलेली अक्षरे पांढऱ्या कागदावरून पुसल्यासारखी होतील आणि निळ्या शाईची काळीकुट्ट दिसतील. फिल्टर आपल्या रंगाचा प्रकाश आत सोडतो, उरलेला दारातच अडवतो. आकाशाचा प्रकाश निळा, तो अडला. आकाश काळे झाले. सावल्यांवरही आकाशाचाच निळसर उजेड पडलेला असतो, त्याही गडद झाल्या. उन्हातल्या बर्फाच्या पांढऱ्यात मात्र सगळेच रंग असतात. त्यातला लाल आत आला आणि बर्फ झळकत राहिले. जुन्या प्लेटांना लाल रंग दिसतच नसे. सर्व रंग जाणणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा ॲडम्सपाशी होत्या, म्हणून हे साधले.

पण अडवलेल्या प्रकाशाची किंमत मोजावी लागते. त्या लाल फिल्टरसाठी सोळापट अधिक वेळ प्रकाश द्यावा लागणार होता. हिशेब करून ॲडम्सने लेन्स पाच सेकंद उघडी ठेवली. त्या पाच सेकंदांत वाऱ्याने कॅमेरा हलला असता तर पुन्हा संधी नव्हती. संध्याकाळी खाली उतरून प्लेट धुतली, आणि मनात पाहिलेले चित्र जसेच्या तसे काचेवर उमटलेले होते. ‘मोनोलिथ, द फेस ऑफ हाफ डोम’ या नावाने ते आज जगभर ओळखले जाते. आधी मनात फोटो पाहायचा आणि मग कॅमेरा, फिल्टर, वेळ यांना त्याच्या सेवेला लावायचे, ही रीत ॲडम्सने जन्मभर शिकवली. तिचा पहिला धडा त्या कड्यावर गिरवला गेला.

पियानो सुटला

त्याच वर्षी अल्बर्ट बेंडर या कलाप्रेमी विमा व्यावसायिकाच्या मदतीने ॲडम्सचा पहिला चित्रसंच निघाला. गंमत अशी, की शीर्षकात फोटो हा शब्दच नव्हता. फोटो म्हटले तर कोण पैसे देणार, म्हणून ‘पार्मेलियन प्रिंट्स’ असे एक अर्थहीन पण भारदस्त नाव बनवण्यात आले!

घरात मात्र पेच होता. इतकी वर्षे पियानोवर घालवली, ती वाया घालवायची? कॅमेऱ्यात मनातले सांगायची ताकद नसते, असे आईला आणि मावशीला वाटे. संसार नवा, वडिलांची ओढग्रस्त चालूच. १९३० साली न्यू मेक्सिकोतील ताओस येथे पॉल स्ट्रँड हा मोठा छायाचित्रकार त्याला भेटला. स्ट्रँडजवळ दाखवायला छापलेली चित्रे नव्हती, नुसत्या निगेटिव्ह होत्या. त्या उजेडासमोर धरून पाहिल्या आणि ॲडम्सचा निर्णय झाला. पियानो सुटला, संगीत मात्र सुटले नाही. निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिहिलेली संहिता आणि तिच्यावरून काढलेली प्रत म्हणजे मैफल, असे तो मानी. आपल्याला हे पटकन समजेल. बंदिश तीच, पण मांडणी दर मैफलीत नवी.

धुक्याविरुद्ध बंड

१९३२ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग म्युझियममध्ये काही छायाचित्रकारांनी एकत्र येऊन प्रदर्शन भरवले. एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम, विलार्ड व्हॅन डाइक आणि ॲडम्स ही त्यातली ठळक नावे. गटाचे नाव होते एफ/६४. लेन्सचे छिद्र अगदी बारीक केले की त्याला हा आकडा येतो, आणि मग पायाशी असलेल्या गवतापासून क्षितिजावरच्या शिखरापर्यंत सगळे स्पष्ट येते. मऊ लेन्सा नकोत, खरबरीत कागद नकोत, फोटोने चित्राचे सोंग आणायचे नाही, असा त्यांचा बाणा होता.

बंडात माणूस कधी कधी तोल सोडतो. विल्यम मॉर्टेन्सेन हा मऊ, नाट्यमय चित्रांचा त्या वेळचा लोकप्रिय कलावंत. त्याच्याशी ॲडम्सचे मासिकातून वाद झडले, आणि त्यात ॲडम्सची कडवटपणाची पातळी शोभणारी नव्हती. पुढे ॲडम्सच्या मित्रांनीच छायाचित्रणाचा इतिहास लिहिला आणि त्यात मॉर्टेन्सेनला जवळपास जागाच उरली नाही. त्याच्या कामाकडे लोक पुन्हा वळले ते त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी.

इथे वाचकाच्या मनात एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. चेहऱ्यावर धुके पसरवणे हे सोंग, तर दिवसाढवळ्या आकाश काळे करणे हे काय? दोन्ही फिल्टरच! ॲडम्सचे काळे आकाश त्या दुपारी कुणालाच दिसलेले नव्हते. मला वाटते, याचे उत्तर फिल्टरमध्ये शोधून सापडणार नाही. मऊ लेन्स तेव्हा सवयीने लावली जात होती, डोंगर असो की बाई, सगळ्यांना एकच पडदा. आणि त्या कड्यावर ॲडम्सने टाकून दिली ती पिवळ्या फिल्टरची सवयच. फोटो खोटा होतो तो फिल्टरने नव्हे, न पाहता लावलेल्या फिल्टरने. आजचे सिनेमाचे छायालेखक डिजिटल कॅमेऱ्याचे चित्र फार टोकदार येते म्हणून मुद्दाम डिफ्यूजन फिल्टर लावतात, नटीच्या एखाद्या हळव्या प्रसंगापुरता. मॉर्टेन्सेनला त्याचे समाधान वाटले असते.

गॉगल घातलेला कॅमेरा

फिल्टरच्या कुटुंबात आणखी एक साधा सदस्य आहे, राखाडी फिल्टर. न्यूट्रल डेन्सिटी हे त्याचे पाळण्यातले नाव. तो रंगात भेद करत नाही, चित्र मऊही करत नाही. सगळा प्रकाश सारखाच कमी करतो. म्हणजे कॅमेऱ्याला गॉगलच! भर दुपारी धबधब्याचे पाणी रेशमासारखे वाहते दाखवायचे असेल तर लेन्स दोन-चार सेकंद उघडी ठेवायला हवी. पण एवढ्या उन्हात चित्र जळून पांढरे होणार. राखाडी फिल्टर लावला की तो वेळ मिळतो. लाल फिल्टर जी किंमत नाइलाजाने वसूल करतो, ती हा मुद्दाम वसूल करतो. प्रकाश द्या, वेळ घ्या.

प्रकाश आणि वेळ यांचा हा हिशेब ॲडम्सच्या हाडात किती भिनला होता, हे १ नोव्हेंबर १९४१ च्या संध्याकाळी दिसले. मुलगा मायकेल आणि जुना मित्र सेड्रिक यांच्यासह तो न्यू मेक्सिकोतून मोटारीने परतत होता. हर्नांडेझ गावाशी त्याला दिसले, पूर्वेला चंद्र वर आला आहे, खाली दफनभूमीतले पांढरे क्रूस मावळत्या उन्हात चमकत आहेत. मोटार जवळजवळ खड्ड्यात घालून तो उतरला. प्रकाश मोजायचे मीटर काही केल्या सापडेना, आणि ऊन तर निसटत होते. तेवढ्यात आठवले, की चंद्राची उजळता ठरलेली असते, दर चौरस फुटाला २५० कँडल. त्यावरून तोंडी हिशेब केला, गडद पिवळा फिल्टर लावला, त्याचा तिप्पट वेळ धरला आणि एक सेकंदाचा फोटो घेतला. दुसरा घ्यायला प्लेट उलटवेपर्यंत क्रूसांवरचे ऊन गेले होते. फोटोची तारीख ॲडम्सला नीट आठवत नसे. ती पुढे खगोल अभ्यासकांनी चित्रातल्या चंद्राच्या जागेवरून काढली!

डोंगरांसाठी

हे सारे कौशल्य केवळ भिंतीवर टांगायच्या चित्रांसाठी नव्हते. सिएरा क्लब या निसर्गप्रेमी संस्थेचा तो तरुणपणापासून कार्यकर्ता. किंग्ज कॅन्यनचा डोंगराळ मुलूख वाचावा म्हणून १९३६ साली तो चित्रे घेऊन वॉशिंग्टनला गेला, १९३८ साली त्या डोंगरांवरचा ग्रंथ मंत्र्यांपर्यंत पोचवला. १९४० मध्ये किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यान झाले, त्यात या चित्रांचाही वाटा होता. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांना छावण्यांत डांबण्यात आले, तेव्हा मँझनार छावणीत जाऊन त्याने त्यांची माणसासारखी माणसे म्हणून चित्रे घेतली. १९४४ साली त्यांचे पुस्तक निघाले. ऐन युद्धात ते बऱ्याच जणांना रुचले नाही, पण त्याने ती चित्रे जपली आणि पुढे देशाच्या ग्रंथालयाला दिली.

नुकसानही सोसले. १९३७ साली योसेमिटीतल्या त्याच्या डार्करूमला आग लागली आणि अनेक निगेटिव्ह जळाल्या. मोनोलिथची प्लेट वाचली. १९८० साली त्याला राष्ट्राध्यक्षांकडून सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. २२ एप्रिल १९८४ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी तो गेला. पुढच्याच वर्षी योसेमिटीतल्या एका शिखराला अधिकृतपणे त्याचे नाव देण्यात आले.

आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये शेकड्याने फिल्टर आहेत. आधी फोटो काढायचा आणि मग बोटाने एकेक फिल्टर सरकवून पाहायचा, कुठला बरा दिसतो ते. ॲडम्सला हे तंत्र पाहून राग आला नसता. इलेक्ट्रॉनिक चित्रणाची तो म्हातारपणीही उत्सुकतेने वाट पाहत होता. फक्त त्याने क्रम उलटा लावला असता. पुढच्या खेपेला महाबळेश्वरच्या कठड्याशी उभे राहाल तेव्हा फोन काढण्याआधी मिनिटभर नुसते समोर पाहा. आपल्याला इथे नेमके काय वाटते आहे, हे स्वतःला विचारा. आणि हाताशी दोनच प्लेटा उरल्या आहेत, असे समजा.